एका दाराचा इतिहास

वाशीमचें नांव निघालें कीं इतिहासाच्या वाचकांस वाकाटकांचें वत्सगुल्म आठवतें. आम्ही आज त्याच भूमीकडे वळत आहों, पण ताम्रपटांसाठीं नव्हे. इंग्रजी अमदानींत वऱ्हाडांतील खेड्यापाड्यांतून मृत्यूंची जी नोंद ठेवीत, तींत ‘ताप’ असें एक प्रशस्त सदर असे. हिंवताप, विषमज्वर, निदान न झालेले इतर ज्वर, सारे त्यांत सामावत. १९०५ सालीं वाशीमचा जुना जिल्हा अकोल्यांत मिळाला व १९९८ सालीं तो पुनः वेगळा झाला. या दोन सालांच्या दरम्यान त्या सदरांतील एका तापाचें कोडें जगाच्या दुसऱ्या टोकास उलगडलें, आणि तेंही बहुतांशीं हिंवतापाचा शोध न करणाऱ्या माणसांच्या हातून.

रॉसनें १८९७ सालीं सिकंदराबादेस डासाच्या पोटांत जंतु पाहिला, हें शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. परंतु डास चावल्यावर पुढें काय? दिवसाआड थंडी भरून आणणारा जो जंतु, ज्यास व्हायव्हॅक्स म्हणतात, तो तांबड्या रक्तपेशींत शिरतो तो कोणत्या दारानें?

इंग्लंडांत डफी नांवाच्या एका रोग्यास वारंवार रक्त द्यावें लागलें होतें. १९५० सालीं त्याच्या रक्तावरून तांबड्या पेशींवरील एक नवी खूण ओळखली गेली, व तिला त्याचेंच आडनांव मिळालें. पश्चिम आफ्रिकेंतील बहुतेक लोकांत ही खूण नसते, आणि तेथें व्हायव्हॅक्सही फारसा आढळत नाहीं. ही गांठ अमेरिकेंतील लुई मिलर यांनीं १९७६ सालीं पक्की केली. ज्यांच्या पेशींवर खूण नव्हती त्या स्वयंसेवकांस ताप आला नाहीं. दाराची जागा कळली. पण निसर्गानें हें दार जंतूसाठीं थोडेंच केलें होतें?

उत्तर अनपेक्षित दिशेनें आलें. शरीरांत कोठें इजा झाली कीं तेथून कांहीं लहान प्रथिनें सुटतात आणि पांढऱ्या पेशी त्यांचा माग काढीत धांवतात. गांवांत आग लागल्यावर दवंडी पिटावी तसा हा प्रकार. १९८७ च्या सुमारास अशांपैकीं एक, इंटरल्यूकिन-आठ, शुद्ध करण्यांत आलें. १९९२ सालीं साऱ्या कुळास केमोकाइन हें नांव पडलें. अडचण होती ती प्रमाणाची. शरीरांत हीं प्रथिनें इतकीं अल्प असतात कीं प्रयोगापुरतीं मिळविणें हेंच एक संकट. तेव्हां त्यांचीं मानवी जनुकें सूक्ष्म जीवाणूंत बसविलीं. जीवाणु वाढतात तसें प्रथिनही वाढतें, मग जीवाणु फोडून तें निवडून घ्यावयाचें. १९७८ सालीं याच रीतीनें मानवी इन्सुलिन घडविण्यांत कॅलिफोर्नियांतील जेनेंटेक कंपनीचा हात होता, आणि रिचर्ड होरुक हे तेथेंच काम करीत.

तांबड्या पेशी हीं प्रथिनें धरून ठेवतात, असें दिसून आलें होतें. १९९३ सालीं होरुक, मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं धरणारा हात म्हणजेच डफीची खूण. व्हायव्हॅक्स प्रयोगशाळेंत सतत वाढवितां येत नाहीं, म्हणून त्यांनीं माकडांचा नोलेसी जंतु घेतला. पेशींवर आधीं केमोकाइन सोडलें असतां त्या जंतूचा आंत शिरकाव होईना. हक्काचा पाहुणा उंबरठ्यावर बसला आणि चोर बाहेर राहिला! हिंवतापाच्या इतिहासांत रॉसच्या जोडीला या प्रयोगाचें नांव घेतलें जात नाहीं, हें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

जंतूच्या हातांतील किल्ली मिलर यांच्याच प्रयोगशाळेंत चेतन चिटणीस यांनीं १९९४ सालीं ओळखली. जंतूच्या प्रथिनाचा नेमका कोणता भाग डफीस चिकटतो, तें त्यांनीं दाखविलें. पुढें दिल्लीस येऊन ते त्याच भागाची लस करण्याच्या खटपटीस लागले. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या चाचणींत, मात्रांमध्यें अधिक अंतर ठेवलें असतां, त्या लशीनें रक्तांतील जंतूंच्या वाढीचा वेग सरासरीनें ५१ टक्क्यांनीं घटला. निम्मा, पुरता नव्हे. शिवाय २०१० सालीं मादागास्करांत डफीची खूण नसलेल्यांसही हा ताप आल्याचें प्रसिद्ध झालें, म्हणजे जंतूस दुसरी वाटही ठाऊक असावी.

आपल्याकडे ही खूण बहुतेकांच्या पेशींवर असते. वऱ्हाडांत या जंतूस दार शोधावें लागत नाहीं. आज तेथील खेड्यांत ताप आला तर रक्ताचा थेंब कांचेवर घेतात. व्हायव्हॅक्स निघाल्यास क्लोरोक्वीन तीन दिवस, आणि यकृतांत दडून बसलेल्या जंतूंसाठीं प्रायमाक्वीन चौदा दिवस. ताप बहुधा तीन-चार दिवसांतच उतरतो. मग उरलेल्या गोळ्या कोनाड्यांत पडून राहतात, आणि कांहीं महिन्यांनीं पुनः थंडी भरते.