हंटरवाली आणि आपली नाट्यदृष्टी

मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांचे नाते शिकवताना १९३५ हे साल हटकून येते. त्या वर्षी बालगंधर्व प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आले. ज्या नटाने महाराष्ट्राला स्त्रीचे चालणे, लाजणे, रुसणे दाखवले, ज्याच्या नेसण्या-मुरडण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले, तो नट पुरुषवेषात प्रेक्षकांसमोर उभा राहिला. या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच वर्षी मुंबईत ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ प्रदर्शित झाला. त्यातली राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा चढवून, हाती आसूड घेऊन, घोड्यावर मांड ठोकून अन्यायी वजिराशी झुंजते. भूमिका करणारी स्त्रीच होती आणि तिचा जन्म ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातला होता. दोन्ही घटना स्त्रीदेहाच्या सादरीकरणाशी निगडित आहेत; पण दुसरीची दखल आपल्या समीक्षेने फारशी घेतलेली नाही. असे का झाले असावे, हा प्रश्न विचारण्याजोगा वाटतो.

मेरी अ‍ॅन इव्हान्स हे तिचे मूळ नाव. जन्म ८ जानेवारी १९०८ चा. ब्रिटिश सैन्यात असलेल्या वडिलांबरोबर १९१३ साली, वयाच्या पाचव्या वर्षी, ती मुंबईत आली. पहिल्या महायुद्धात वडील मारले गेले. पुढे काही वर्षे पेशावरला गेली आणि तिथे ती घोड्यावर बसायला, बंदूक चालवायला शिकली. १९२८ च्या सुमारास ती मुंबईला परतली. एका मोठ्या दुकानात विक्रेती म्हणून काम करून पाहिले, पण पोट खऱ्या अर्थाने भरले ते रंगमंचावर. मादाम अ‍ॅस्ट्रोव्हा या रशियन नर्तिकेकडे बॅले शिकून ती तिच्या नृत्यमंडळीबरोबर हिंदुस्थानभर हिंडली. आज लष्करी छावणीत गोऱ्या शिपायांसमोर, उद्या एखाद्या संस्थानिकाच्या दरबारी, परवा धुळीने भरलेल्या आडगावात असे हे खेळ चालत. १९३० मध्ये ती झार्को सर्कशीत दाखल झाली. ‘नादिया’ हे नावही याच भटकंतीतले. ‘न’ने सुरू होणारे नाव घे, असे एका भविष्यवेत्तीने सांगितले म्हणून ते घेतले, अशी कथा आहे.

हे सारे तपशील चरित्रातील गमतीजमती म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. कारण पडद्यावरची नादिया याच फिरत्या मंचावर घडली. कोलांटी, शरीराचा तोल, पडताना अंग कसे टाकावे याचे भान आणि मुख्य म्हणजे भाषा न समजणाऱ्या, दूर बसलेल्या गर्दीपर्यंत केवळ देहाने पोचण्याची हातोटी ही तिची तालीम. आपल्या संगीत नाटकातील नट जसे कंपनीच्या बिऱ्हाडात वाढले, तशी ती तंबूत वाढली. विष्णुपंत छत्र्यांच्या ग्रँड इंडियन सर्कशीपासून महाराष्ट्राला सर्कशीची उज्ज्वल परंपरा आहे. पण आपल्या नाट्येतिहासाच्या पुस्तकांनी तिला क्वचितच आत घेतले.

जमशेद वाडिया यांनी तिला प्रथम ‘देश दीपक’मध्ये गुलाम मुलीची छोटी भूमिका दिली, नंतर ‘नूर-ए-यमन’मध्ये जरा मोठी. ‘नंदादेवी’ असे नाव घ्यावे आणि काळ्या केसांची लांब वेणी लावावी, ही त्यांची सूचना मात्र तिने साफ धुडकावली. आपण गोऱ्या आहोत, ते लपवून हसे करून घेण्यात अर्थ नाही, असे तिचे म्हणणे. एका नवख्या नटीने मालकाला असे सांगावे आणि त्याने ते ऐकावे, हे त्या काळी नवलाचेच. ‘हंटरवाली’चे दिग्दर्शन जमशेद यांचे धाकटे बंधू होमी यांनी केले. चित्रपट तयार झाला तेव्हा वितरक पुढे येईनात. सोनेरी केसांची, आडव्या बांध्याची ही बाई लोक स्वीकारतील का, अशी शंका होती. शेवटी वाडियांनी स्वतःच धोका पत्करला. चित्रपट पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६), ‘हरिकेन हंसा’ (१९३७), ‘पंजाब मेल’ (१९३९) अशी मग रांगच लागली. धावत्या आगगाडीच्या टपावरची मारामारी, छताला टांगलेल्या झुंबरावरून झेप, माणूस खांद्यावर उचलून फेकणे, हे सर्व ती स्वतः करी.

आता समीक्षेच्या प्रश्नाकडे येऊ. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. आम्ही वर्गात ते पाठ करून घेतो. प्रत्यक्षात मात्र मराठी नाट्यसमीक्षा वाचिकावर पोसली. शब्दफेक, पद, स्वगत यांची चर्चा आपल्याकडे जितकी सूक्ष्म, तितकी देहाच्या हालचालींची नाही. नादियाच्या हिंदीला विलायती वळण होते. वाचिकाच्या कसोटीवर ती नापासच व्हायची. पण आंगिक अभिनयाची भाषा तिच्या प्रेक्षकाला चांगली अवगत होती. बारामती-इंदापूरकडचा माणूस घ्या. नीरा नरसिंहपूरसारख्या ठिकाणची जत्रा, तिथला कुस्तीचा आखाडा, दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर, रात्रीचा तमाशाचा फड हीच त्याची नाट्यशाळा. कोणत्या मल्लाने पट कसा काढला, यावर तो तासभर बोलू शके. तमाशात तर पठ्ठे बापूरावांबरोबर पवळा हिवरगावकर उभी राहिली, त्या काळात पांढरपेशांच्या रंगमंचावर अजून पुरुषच शालू नेसत होते. स्टंटपट चालले ते प्रामुख्याने अशाच प्रेक्षकांच्या बळावर, गिरणगावातील चित्रपटगृहांत आणि लहान गावांच्या तंबूत. या प्रेक्षकाला नादिया परकी वाटली नाही, यात आश्चर्य नाही. परकी वाटली ती समीक्षकाला.

याला एक प्रतिवाद संभवतो. १९३६ साली व्ही. शांताराम यांच्या ‘अमर ज्योती’त दुर्गा खोटे यांनी सौदामिनी ही समुद्री चाच्यांची नायिका उभी केली, बंडखोर स्त्री आपल्या चित्रपटाने गौरवली नाही असे कसे म्हणावे? प्रश्न रास्त आहे. पण सौदामिनीचे बंड वैचारिक आहे, संवादांतून मांडलेले आहे आणि म्हणूनच त्यावर निबंध लिहिता येतो. माधुरीचे बंड आसुडाच्या फटकाऱ्यात आहे. त्यावर काय लिहावे, हे आपल्याला सुचत नाही. योगायोग असा की, वाडियांचा परळचा स्टुडिओ पुढे शांताराम यांनी घेतला आणि तिथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. राजकमलचा इतिहास सांगताना आधीच्या बिऱ्हाडकरूंचा उल्लेख झालाच तर ओझरता होतो.

तिच्या गोरेपणाचा प्रश्न मात्र सहज सुटत नाही. साम्राज्य ब्रिटिशांचे, अत्याचारी सत्तेविरुद्ध लढणारी राजकन्या हिंदुस्थानी आणि ती साकारणारी एका गोऱ्या सैनिकाची मुलगी. जमशेद वाडिया पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले. त्यांच्या कंपनीच्या चित्रपटांतील दुष्ट वजीर कोणाचा प्रतिनिधी आहे, हे प्रेक्षकांनी ओळखलेच असणार. ‘डायमंड क्वीन’मध्ये (१९४०) तर मुंबईहून शिकून आलेली मधुरिका साक्षरतेची बाजू घेते आणि स्त्रीच्या मुक्तीवाचून देशाला स्वातंत्र्य नाही, असे ठणकावते. हे वाक्य गोऱ्या तोंडून आले म्हणून त्याचे वजन घटले की वाढले? आमच्या मते, सत्तेचाच चेहरा सत्तेविरुद्ध उभा राहताना पाहण्यात त्या प्रेक्षकाला वेगळे समाधान मिळत असावे. परंतु तीच भूमिका सावळ्या स्त्रीने केली असती तर तिला इतकी मोकळीक मिळाली असती का, ही शंका उरतेच. तोकडी विजार घालून पुरुषांना लोळवणारी नायिका ‘आपल्या घरातली’ नव्हती, म्हणूनही ती चालली असेल.

वाडिया बंधू वेगळे झाल्यावर ती होमी यांच्या बसंत पिक्चर्सकडे गेली. ‘हंटरवाली की बेटी’ (१९४३) हा तिथला गाजलेला चित्रपट. पन्नाशीच्या दशकात कामे विरळ झाली. होमी आणि नादिया यांचा विवाह १९६१ साली, म्हणजे पहिल्या भेटीनंतर पाव शतकाने झाला. कारण घरचा विरोध. पडद्यावर किल्ले सर करणाऱ्या नायिकेला एका पारशी कुटुंबाचा उंबरठा ओलांडायला एवढा काळ लागला. वयाच्या साठाव्या वर्षी ‘खिलाडी’त (१९६८) ती शेवटची दिसली आणि जानेवारी १९९६ मध्ये मुंबईतच वारली.

तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वळले ते उशिरा. १९८० साली गिरीश कर्नाड यांनी तिच्यावर इंग्रजीत लिहिले. आसूड उगारताना ती देत असे त्या आरोळीने त्यांचे बालपण भारून टाकले होते. १९९३ मध्ये रियाद वाडिया यांनी अनुबोधपट केला, आणि पुढे डोरोथी वेनर यांचे चरित्र आले, तेही आधी जर्मन भाषेत. कर्नाडांसारख्या नाटककाराने आपल्या नाट्यसंस्कारात त्या आरोळीला जागा द्यावी, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. ती आरोळी हा शब्द नव्हता. कोणत्याही संहितेत ती अर्थपूर्ण रीतीने लिहून काढता आली नसती.