गाडीने भंडारदऱ्याला मुक्कामाला जाताय? सामान असं भरा

भिवंडी : पडघा, शहापूर, कसारा घाट, घोटीमार्गे भंडारदऱ्याला तंबू ठोकून राहायला जीप, बोलेरो घेऊन जाताय? डांबरी रस्ता सुटला की सामान कसं भरलंय, यावर बरंच काही ठरतं.

जड सामान तळाला : पाण्याचे कॅन, भांडी मागच्या सीटला चिकटून खाली ठेवा. टपावर जास्त ओझं असलं तर उतारावर गाडी कलंडू शकते. टपावर फक्त अंथरूण-पांघरूण, ताडपत्रीत बांधून.

हाताशी लागणारं शेवटी भरा : जॅक, पाना, टॉर्च, दोर, औषधांची पेटी. चिखलात जॅक रुततो, त्याखाली ठेवायला जाड फळी घ्या. स्टेपनीची हवा घरूनच तपासा. गाडी ओढायचा दोर बंपरला नाही, हुकलाच बांधा.

पाणी : माणशी दिवसाला किमान ४ लिटर.

शेगडी : कोळशाची शेगडी तंबूत किंवा बंद गाडीत कधीच ठेवू नका. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतच जीव जातो. काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपणंही तितकंच धोक्याचं.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत तंबू टाकण्याआधी वन खात्याला विचारा. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. डोंगरात मोबाईलची रेंज जाते, म्हणून मुक्कामाची जागा आणि परतायची वेळ निघतानाच घरी सांगून ठेवा.