प्लेटलेट्स आणि वाहत्या रक्ताचा ताण

इटलीतील तुरीन येथे जुलियो बित्सोझेरो यांनी १८८२ मध्ये प्लेटलेट्सचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. जिवंत गिनीपिगच्या आतड्यालगतचा पातळ पडदा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिनीला इजा केली. रक्त वाहतच होते. तरी इजेच्या जागी प्लेटलेट्स चिकटत गेल्या आणि बघता बघता त्यांचा थर साचला.

पुढे हे वाहणेच संशोधनातून काहीसे बाजूला पडले. १९६२ मध्ये लंडनच्या गुस्ताव बॉर्न यांनी रक्तद्रव नळीत ढवळत ठेवून, त्यातून किती प्रकाश आरपार जातो यावरून प्लेटलेट्सचे गोळा होणे मोजले. पद्धत सुटसुटीत आणि आजही रूढ. पण धमनीतली ओढाताण नळीत कुठून येणार? वाहिनीच्या मध्यभागी रक्त वेगाने धावते, भिंतीलगत जवळजवळ थबकते. थरांमधल्या या फरकाने जो ताण पडतो तो कर्तन ताण. १९७०च्या दशकात संशोधक बाउमगार्टनर यांनी सशाच्या महाधमनीचा तुकडा उलटा करून त्यावरून रक्त वाहवले, तेव्हा हा ताण पुन्हा प्रयोगात आला.

वाहत्या रक्तात प्लेटलेट्स चिकटतात कशा, या कोड्याचा दुसरा धागा रुग्णांकडून मिळाला. डेंगीच्या साथीत घरोघरी प्लेटलेट्सचा आकडा विचारला जातो. पण आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. १९२६ मध्ये फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांट यांनी ऑलंड बेटांवरील एका कुटुंबाची नोंद केली. तिथे प्लेटलेट्स पुरेशा असूनही रक्तस्राव आवरत नसे. उणीव होती रक्तातल्या एका लांबलचक प्रथिनाची. संथ प्रवाहात ते दोऱ्याच्या गुंड्यासारखे गुंडाळलेले राहते. ताण वाढला की उलगडते आणि धावत्या प्लेटलेट्सना पकडते. ज्या ओघाने त्या वाहून जायच्या, तोच त्यांना धरून ठेवण्याची सोय करतो.

ताण अती झाला की डाव उलटतो. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांत आतड्यातून रक्तस्राव होतो, असे एडवर्ड हाइड यांनी १९५८ मध्ये नोंदवले. कारण बऱ्याच वर्षांनी उमगले: अरुंद वाटेत ताणले गेलेले हे प्रथिन एका विकराकडून कापले जाते आणि सर्वांत उपयोगी अशा लांब साखळ्या कमी पडतात. झडप बदलली की त्या परत दिसू लागतात. हृदयाला जोडलेल्या यांत्रिक पंपातही असेच घडते. पंपात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी औषधे द्यावी लागतात आणि त्याच पंपामुळे रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.