कण्णूरचा किल्ला आणि पेरियाचा घाट

मंडळी, मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेसने निघालात की कोकण, गोवा, मंगळूर मागे टाकून गाडी उत्तर केरळातल्या कण्णूरला थांबते. आपल्या माजी सैनिक वाचकांपैकी अनेकांना हे नाव डी.एस.सी.मुळे ठाऊक आहे. डिफेन्स सिक्युरिटी कॉर्प्सचे केंद्र इथेच आहे. पेन्शन घेऊन घरी आलेला आणि काही वर्षांनी पुन्हा वर्दी चढवणारा आपल्याकडचा जवान इथल्या परेड ग्राउंडवर कधी ना कधी उभा राहिलेला असतो. बाकीच्यांसाठी कण्णूर म्हणजे किल्ला, समुद्र आणि गाडी चालवता येणारी मुळप्पिलंगाडची चौपाटी. दोन दिवस फिरायचे, फोटो काढायचे आणि परतायचे.

माझे म्हणणे असे की तिसरा दिवस हातात ठेवा आणि घाट चढून वायनाडात जा. या किनाऱ्याचा इतिहास समुद्रावर सुरू होतो, पण त्याचा निकाल वर जंगलात लागला. आणि त्या जंगलात आपली माणसेही पडली आहेत.

सुरुवात किल्ल्यापासूनच करू. कॅन्टोन्मेंटच्या कडेला, समुद्रात घुसलेल्या खडकावर सेंट अँजेलोचा त्रिकोणी किल्ला आहे. बांधकाम जांभ्याचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या माणसाला तो दगड पाहून घरी आल्यासारखे वाटेल. १५०५ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने इथल्या कोलत्तिरी राजाच्या परवानगीने हा किल्ला उभारला. दोनच वर्षांत राजाचे आणि पोर्तुगीजांचे फाटले आणि किल्ल्याला वेढा पडला. पोर्तुगीज टिकले, कारण समुद्राची बाजू त्यांच्या हातात होती. १६६३ साली तो डचांकडे गेला. पुढे १७७२ मध्ये डचांनी तो चक्क विकून टाकला, अरक्कलच्या अली राजाला. केरळातले हे एकमेव मुसलमान राजघराणे. घराण्यातली सर्वांत वडील व्यक्ती गादीवर बसे, मग ती स्त्री असो वा पुरुष. स्त्री असली की तिला बीबी म्हणत. त्यांचा वाडा आजही शहरात आहे, तिथे संग्रहालय आहे, ते जरूर पाहा.

या सगळ्या खटाटोपामागे होती मिरी. ती पिकायची डोंगरउतारावर आणि विकली जायची बंदरावर. इंग्रजांनी कण्णूरच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर तलश्शेरीत वखार घातली आणि १७०८ मध्ये किल्ला बांधला, तोही मिरीसाठीच. बंदर ताब्यात असले तरी मिरीचा वेल डोंगरात असतो. पुढची सगळी लढाई या एका गोष्टीतून निघाली.

आता मराठी माणसाचा संबंध कुठे येतो, ते पाहू. डिसेंबर १७९० मध्ये जनरल ॲबरक्रॉम्बीने कण्णूर घेतले, ते मुंबईच्या फौजेच्या बळावर. टिपूविरुद्धच्या त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने श्रीरंगपट्टणपर्यंत गेल्या होत्या. १७९२ च्या तहात मलबार कंपनीला मिळाला आणि तो मुंबई इलाख्याला जोडला गेला. १८०० मध्ये तो मद्रासकडे जाईपर्यंत या किनाऱ्याचा कारभार मुंबईहून चाले. मुंबई सैन्यात त्या काळी कोकणातून मोठी भरती होई. म्हणजे इथे कंपनीचा अंमल बसवायला आलेल्या पलटणींमध्ये आपल्या गावांतले शिपाई होते.

त्यांच्यासमोर उभा राहिला केरळ वर्मा पळश्शी राजा. हा कोट्टयमच्या राजघराण्यातला. हे कोट्टयम म्हणजे दक्षिणेचे रबराचे कोट्टयम नव्हे, तलश्शेरीजवळचे. टिपूविरुद्ध तो इंग्रजांच्या बाजूने लढला होता. पण युद्ध संपल्यावर कंपनीने त्याच्या मुलखाची वसुली त्याच्या मामाला देऊन टाकली. राजाने वसुली होऊ दिली नाही. एप्रिल १७९६ मध्ये कंपनीच्या तुकडीने त्याच्या वाड्यावर छापा घातला आणि वाडा लुटला. राजा निसटून वायनाडच्या डोंगरात गेला.

पुढे जे झाले ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. शत्रूला अरुंद घाटात येऊ द्यायचे, झाडीतून मारायचे, रसद तोडायची आणि दिसेनासे व्हायचे. मार्च १७९७ मध्ये मेजर कॅमेरॉन ११०० लोकांसह पेरियाच्या घाटातून उतरत होता. पळश्शीच्या माणसांनी वाट धरून ठेवली होती. कॅमेरॉन आणि त्याचे काही अधिकारी तिथेच पडले. शेवटी मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन स्वतः मलबारात आला आणि राजाला वर्षाला ८००० रुपये देण्याचे ठरवून तह झाला.

टिपू पडल्यावर कंपनीने वायनाडवरच हक्क सांगितला आणि १८०० मध्ये पुन्हा ठिणगी पडली. या वेळी मोहिमेची सूत्रे कर्नल आर्थर वेलस्लीकडे होती. त्याने जंगलात नुसते धावणे थांबवले. रस्ते काढले, ठाण्यांची साखळी लावली आणि किनाऱ्यावरून डोंगरात जाणारा तांदूळ-मीठ अडवायचा बेत केला. १८०१ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने वायनाडातली ठाणी घेतली. कागदावर मोहीम संपली.

ऑक्टोबर १८०२ मध्ये पनमरमचे ठाणे पडले. ठाण्यात मुंबई सैन्याच्या चौथ्या रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे ७० लोक होते, कॅप्टन डिकिन्सन आणि लेफ्टनंट मॅक्सवेल यांच्या हाताखाली. हल्ला केला एडच्चेन कुंकन आणि तलक्कल चंदू यांनी. चंदूबरोबर दीडशेच्या आसपास कुरिच्य तिरंदाज होते. कुरिच्य ही इथली आदिवासी जमात, धनुष्यबाणात वाकबगार. दोन्ही अधिकारी आणि कित्येक शिपाई मारले गेले. बंदुका, दारूगोळा आणि खजिना गेला. याच पलटणीचा मोठा भाग काही मैलांवर होता, पण वेळेवर मदत पोहोचली नाही. पिकेटवर रात्र काढलेल्या माणसाला या ओळीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दुसऱ्या वर्षी वेलस्ली उत्तरेला गेला, मराठ्यांवर. २३ सप्टेंबर १८०३ ला आसईची लढाई झाली, नंतर अडगाव, मग गाविलगड. त्या मोहिमेत त्याच्या जोडीला दुसरी फौज घेऊन होता तोच स्टीव्हन्सन. वायनाडच्या जंगलात फिरलेले हे दोघे आपल्या मुलखावर चालून आले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात वाचल्याचे मला आठवत नाही.

पळश्शीविरुद्ध अखेर कामाला आले ते स्थानिक लोकांतून उभे केलेले कोलकार. मुलूख जाणणारी माणसेच मुलखाविरुद्ध वापरली गेली. ३० नोव्हेंबर १८०५ ला पुल्पळ्ळीजवळ ओढ्याकाठी राजा मारला गेला. सब-कलेक्टर थॉमस बेबर याने त्याचा देह आपल्याच पालखीतून मानंतवाडीला नेला आणि इतमामाने अंत्यविधी करू दिला. शत्रूची कदर शत्रूनेच केली.

आता प्रवासाचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. याच दिवसांत गावोगावच्या काव्यांत तेय्यम असते, ते पहाटे पाहावे, आणि फोटो विचारूनच काढावा. जून ते सप्टेंबर पाऊस प्रचंड, समुद्रात उतरू नका आणि घाटाचा रस्ता चालू आहे का ते विचारूनच निघा. पहिला दिवस कण्णूरचा किल्ला आणि अरक्कल, दुसरा तलश्शेरी आणि मुळप्पिलंगाड. तिसऱ्या दिवशी सकाळी नेडुंपोयिलमार्गे पेरियाचा घाट चढा. वर पनमरमला तलक्कल चंदूचे स्मारक आहे आणि मानंतवाडीला पळश्शी राजाची समाधी.

समाधीपुढे हात जोडाल तेव्हा पनमरमच्या त्या ठाण्यातले शिपाईही आठवा. राजा आपल्या मातीसाठी लढला, त्याचा मान पहिला. पण ते ७० जणही पगारासाठी, पलटणीच्या नावासाठी, घरापासून शेकडो मैलांवर, हुकुमावर उभे होते. कुणाची बाजू न्याय्य होती, याबद्दल मला शंका नाही. तरीही त्यांच्यासाठी एक सॅल्यूट करायला हरकत नसावी. फौजी माणूस तो करेलच.