भिंतीवरचे चित्र आणि त्यावरचे नाव

चित्रपटांचा इतिहास सांगताना पडद्याकडेच पाहण्याचा प्रघात आहे. कोणता पट कोणत्या साली निघाला, भूमिका कोणी केल्या, दिग्दर्शन कोणाचे, एवढे सांगितले की इतिहास पुरा झाला असे मानले जाते. परंतु पाहणाऱ्याला चित्रपट पडद्यावर भेटतो त्याच्या आधी तो भिंतीवर भेटलेला असतो. रस्त्याच्या वळणावर चिकटवलेले भित्तिपत्रक हीच त्याची पहिली ओळख होय. तिकिटाचे पैसे मोजणारे लोक थोडे. भित्तिपत्रक फुकट पाहणारे अगणित. ज्याने चित्रगृहाची पायरी उभ्या जन्मात चढली नाही, त्याच्याही दृष्टीस ते पडल्यावाचून राहत नाही. यामुळेच सावध राज्यकर्त्यांची नजर पडद्याइतकीच भिंतीवरही असते. प्रभात फिल्म कंपनीच्या दोन चित्रपटांना १९३० आणि १९३५ या साली आपली ठरलेली नावे टाकून दुसरी घ्यावी लागली. असे का व्हावे, याचा उलगडा करावयाचा तर भित्तिपत्रकात चित्र काय करते आणि अक्षरे काय करतात, हा विचार प्रथम केला पाहिजे.

ल्यूमिएर बंधूंनी पॅरिस येथे तिकीट लावून पहिला जाहीर खेळ केला तो २८ डिसेंबर १८९५ रोजी. त्यांच्या आरंभीच्या पत्रकांपैकी एक आँरी ब्रिस्पो या चित्रकाराने काढले व दुसरे मार्सेलँ ओझोल याने. पहिल्यात खेळाच्या दाराशी लोटलेली गर्दी दिसते. दुसऱ्यात पडद्यावर बागेतल्या माळ्याची फजिती चालली असून तिच्यासमोर प्रेक्षक हसत बसले आहेत. ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी कथा, नट किंवा नटी यांच्या नावावर कोणी येणार नव्हते. नवल होते ते यंत्राचे. अशा अपरिचित वस्तूकडे माणूस बिचकत पाहतो. म्हणून चित्रकारांनी त्याला त्याचेच चित्र दाखविले आणि सुचविले की, तुमच्यासारखीच मंडळी येथे आली आहेत व सुखाने हसत आहेत. येणेप्रमाणे भित्तिपत्रक पहिल्या दिवसापासून माहिती देण्यापेक्षा आश्वासन देण्याचेच काम करीत आले आहे.

मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी हाच खेळ झाला, तेव्हा त्याची जाहिरात वर्तमानपत्रात आली. पुढे दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लागला. फाळके स्वतः छपाईच्या धंद्यात मुरलेले होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्याशी त्यांचा निकटचा संबंध आला होता. त्या शिळाछापाच्या चित्रांनी घरोघरी देव्हाऱ्याशेजारी जागा मिळविली होती आणि मुखमुद्रा, वेष व आयुधे यांवरून देव कोणता हे ओळखण्याची सवय सर्वसामान्य जनांना लावली होती. छापील चित्र वाचण्याचे शिक्षण लोकांना सिनेमाच्या आधीच मिळालेले होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. तरीही मूकपटांची पहिली पत्रके बहुतांशी अक्षरांचीच असत. बैलगाडीवर वाजंत्री बसवावी, गावातून मिरवावे आणि हस्तपत्रके वाटीत जावे, अशी त्या काळची रीत होती.

भिंतीवर चित्र आणण्याचे श्रेय कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांना दिले जाते. बाबुराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे मूळ नाव. नाटकांचे पडदे रंगविता रंगविता ते चित्रपटाकडे वळले, छायालेखनाचे यंत्र त्यांनी कोल्हापुरातच सिद्ध केले, आणि १९२० साली पडद्यावर आलेल्या ‘सैरंध्री’ या पटाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १९२३ साली ‘वत्सलाहरण’ या पटासाठी त्यांनी चित्रमय भित्तिपत्रक काढले. आणि १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’ या पटाचे भित्तिपत्रक हे हिंदी चित्रपटसृष्टीच्या आज उपलब्ध असलेल्या भित्तिपत्रकांत सर्वांत जुने मानतात. या दुसऱ्या पटाच्या नावाकडे पाहावे. नावात खजिना आहे. परंतु ज्या आख्यायिकेवरून ते घेतले, तिचा गाभा खजिन्यात नाही. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराजांनी सन्मानाने परत पाठविले, हा तिचा गाभा. ‘खजिना’ हा शब्द कौतुक जागे करतो आणि आख्यायिका ठाऊक असलेला मराठी माणूस त्यातून भलताच, म्हणजे खरा, अर्थ काढतो. एकच नाव दोन प्रकारच्या माणसांशी दोन गोष्टी बोलते, याचे हे जुने उदाहरण होय.

चित्र आणि अक्षरे यांच्या या व्यवहाराची शास्त्रशुद्ध मांडणी पुष्कळ पुढे झाली. फ्रेंच विद्वान रोलाँ बार्थ यांनी १९६४ साली एका निबंधात खाद्यपदार्थांची एक छापील जाहिरात घेऊन तिची चिकित्सा केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कोणतेही चित्र एकाच वेळी अनेक अर्थ सुचविते आणि पाहणारा त्यांतील काही उचलतो, काही सोडतो. समुद्रातील गलबताप्रमाणे अर्थ इकडेतिकडे हेलकावत असतो. चित्रासोबतची अक्षरे नांगर टाकतात आणि त्याला एका जागी रोखून धरतात. याखेरीज त्यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. नांगर कोठे टाकावा हे ठरविणाऱ्याच्या हाती एक प्रकारची सत्ता असते. समाजाची नीती आणि राज्यकर्त्यांचे धोरण या अक्षरांतूनच चित्रावर अंमल चालवितात.

प्रभातच्या १९३७ सालच्या एका बोलपटाने हा सिद्धांत जणू आगाऊच सिद्ध करून ठेवला आहे. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो घेतला होता. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावलेली एक तरुणी त्या विवाहाला मनाने कधीच मान्यता देत नाही, ही त्याची कथा. शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या भूमिका त्यात गाजल्या. मराठीत हा पट ‘कुंकू’ या नावाने निघाला आणि हिंदीत ‘दुनिया न माने’ या नावाने. आता त्या नायिकेची करारी मुद्रा भिंतीवर आहे अशी कल्पना करावी. खाली ‘कुंकू’ हे अक्षर असेल तर पाहणाऱ्याची दृष्टी तिच्या कपाळाकडे जाते. सौभाग्य, संसार, पतीचा हक्क यांचा विचार मनात येतो, आणि हे कुंकू लावायचे तरी कोणाच्या नावाने, असा प्रश्न उभा राहतो. तेथेच ‘दुनिया न माने’ हे शब्द घातले की दृष्टी तिच्या चेहऱ्यावरून उठून तिच्याभोवतीच्या जगाकडे वळते. चेहरा तोच, कथा तीच. परंतु एका नावाने प्रश्न घरात ठेवला आणि दुसऱ्याने तो चव्हाट्यावर मांडला.

नावाचे हे सामर्थ्य ध्यानी घेतले म्हणजे सेन्सॉरच्या कारवाईचा अर्थ लागतो. १९१८ च्या कायद्यान्वये सरकारने चित्रपटांवर नियंत्रण आणले आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे सेन्सॉर मंडळे काम करू लागली. १९३० साली प्रभात कंपनीने शिवचरित्रावर एक मूकपट सिद्ध केला. व्ही. शांताराम यांनीच त्यात शिवाजी महाराजांची भूमिका केली होती. पटाचे नाव ठेवले होते ‘स्वराज्याचे तोरण’. तोरणा किल्ला घेऊन महाराजांनी स्वराज्याचे तोरण बांधले, हे वाक्य शाळेतील मुलालाही पाठ असते. इतिहास म्हणून त्यात आक्षेपार्ह असे काहीच नव्हते. पण साल होते १९३०. त्या वर्षी २६ जानेवारीला ठिकठिकाणी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती आणि मार्च-एप्रिलात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता. अशा दिवसांत ‘स्वराज्य’ हा शब्द ठळक अक्षरांत भिंतीभिंतीवर लागावा, हे सरकारला परवडणारे नव्हते. सेन्सॉरने हरकत घेतली आणि पट ‘उदयकाल’ या नावाने लोकांपुढे आला.

पाच वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा आला. संत एकनाथांच्या चरित्रावरील बोलपटाला प्रभातने ‘महात्मा’ हे नाव दिले होते. नाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली होती. एकनाथांनी अस्पृश्यांच्या घरी जेवण्याचा प्रसंग कथेत होता. आणि येरवड्याचे उपोषण, पुणे करार व त्यानंतरचा गांधीजींचा हरिजन दौरा या १९३२ ते १९३४ मधील घटना लोकांच्या मनात ताज्या होत्या. सोळाव्या शतकातील संताला ‘महात्मा’ म्हणणे भाषेच्या दृष्टीने सर्वथैव योग्य होते. परंतु १९३५ साली त्या शब्दाचा नांगर एकाच पुरुषाच्या नावाशी अडकत होता. येथेही हरकत आली आणि पटाचे नाव ‘धर्मात्मा’ असे करावे लागले.

येथे एक शंका रास्त आहे. १९३१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा दहाच्याही आत होते. ज्या देशात दहांतील नऊ जणांना वाचता येत नव्हते, तेथे चार अक्षरांचे एवढे भय कशासाठी? त्याचे उत्तर असे की, भिंतीवरील नाव हे केवळ डोळ्यांनी वाचण्याचे नसते. एक वाचतो आणि दहा ऐकतात. बैलगाडीवरचा मनुष्य ते पुकारतो, तिकीट मागणारा ते उच्चारतो, पाहून आलेला ते शेजारी सांगतो. चित्र भिंतीवर राहते, नाव मात्र जिभेवर चढते. ‘स्वराज्याचे तोरण पाहिले काय?’ हा साधा प्रश्न गावात शंभर तोंडांनी विचारला जाणे, ही गोष्ट एखाद्या जाहीर सभेहून कमी नव्हती. आणि अशा सभेला बंदीहुकूम लागू करता येत नाही.

नाव बदलणे सरकारला सोयीचेही होते. १९२१ साली कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’ या मूकपटात विदुराच्या अंगावर खादी व मस्तकावर गांधी टोपी दिसली होती. मद्रास आणि सिंध प्रांतांत त्या पटाचे प्रदर्शन थांबविण्यात आले. टोपी ही चित्राचा भाग. ती काढावयाची तर सारा पटच बंद करणे प्राप्त होते, आणि बंदीमुळे बोभाटा होतो. शब्द मात्र कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांनी पुसता येतो, पट चालू राहतो, करमणूक कर येत राहतो आणि सरकारने काही केले असे वरून दिसतही नाही.

तथापि या युक्तीचा उद्देश किती सफल झाला? जन्माने जमैकाचे आणि बर्मिंगहॅम येथे काम केलेले पंडित स्ट्युअर्ट हॉल यांनी १९७३ साली असे प्रतिपादन केले की, संदेश पाठविणारा त्यात एक अर्थ भरतो, पण घेणारा तोच अर्थ काढील असा नेम नाही. कोणी तो जसाच्या तसा स्वीकारतो, कोणी आपल्या परिस्थितीप्रमाणे मुरड घालतो, तर कोणी सरळ उलट अर्थ लावतो. ‘उदयकाल’ या शब्दात स्वराज्य नाही हे खरे. परंतु ज्याला शिवचरित्र ठाऊक आहे, त्याला उदय कशाचा हे सांगावे लागत नाही. ‘धर्मात्मा’ या नावाखालीही नाथ अस्पृश्याच्या घरी जेवतच होते. नांगर उचलून दुसरीकडे टाकता येतो. पण पाण्याची ओढ ज्या दिशेची आहे ती नाहीशी करता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर भित्तिपत्रकांचे वैभव वाढले. चौकाचौकांतील प्रचंड फलक हाताने रंगविले जात. एम. एफ. हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात मुंबईत असेच फलक रंगविले होते, आणि बाबुरावांच्या कोल्हापुरातून पुढे आलेले जी. कांबळे यांच्या कुंचल्याने या कलेला मोठी प्रतिष्ठा मिळाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक आणि फ्लेक्सची छपाई आली आणि रंगाऱ्यांचे हात थांबले. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जुनी पत्रके जतन केली आहेत. हे काम लहान नव्हे. बाबुरावांच्या मूकपटांपैकी अगदी थोडका अंश आज पाहावयास मिळतो. जो पट नष्ट झाला त्याची साक्ष द्यावयास पुष्कळदा एखादे जीर्ण पत्रकच उरते.

मात्र ही साक्ष जपून घेतली पाहिजे. साठ-सत्तर वर्षांनी ‘धर्मात्मा’ हे पत्रक हाती घेणाऱ्या अभ्यासकाला संताचे चित्र दिसेल, नटाचे नाव दिसेल, कंपनीची तुतारी दिसेल. मिटविलेला शब्द कोठेच दिसणार नाही. कागद खोटे बोलत नाही, परंतु त्याला बोलू दिले तेवढेच तो बोलतो. म्हणून भित्तिपत्रक वाचणाऱ्याने चित्र पाहावे, त्यावरील नाव वाचावे, आणि त्या जागी दुसरे कोणते नाव असू शकले असते व ते का नाही, हेही स्वतःस विचारावे. १९३५ साली पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या पुष्कळांना त्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते.