जुन्या यंत्राला नवी स्मृती

संगणक मंदावला की घरोघरी तोच वाद सुरू होतो : रॅम वाढवून घ्यावी, की नवा संगणक जुळवून घ्यावा? प्रश्न आजचा वाटला तरी तो जवळजवळ संगणकाइतकाच जुना आहे. १९५३ साली अमेरिकेत दोन यंत्रांना नवी स्मृती बसवली गेली. १९६४ साली मुंबईत मात्र जुन्या यंत्राऐवजी नवं यंत्र आलं. या तिसऱ्या निर्णयाबद्दल एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो असा, की आपल्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून बांधलेला संगणक बाजूला सारून परदेशी यंत्र का आणलं? त्याचीच स्मृती वाढवायला हवी होती! हा आक्षेप कितपत टिकतो, ते या लेखात तपासायचं आहे.

आधी एनिॲक पाहू. फेब्रुवारी १९४६मध्ये जगापुढे आलेल्या या यंत्रात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्यात संचायक होते २०, आणि प्रत्येकात १० अंकी एक संख्या मावे. म्हणजे चालू गणिताच्या २० संख्या एवढीच त्याची झटपट स्मृती. जुलै १९५३मध्ये बरोज कंपनीने बनवलेली १०० शब्दांची चुंबकीय स्मृती त्याला जोडण्यात आली. स्मृती अशी कित्येक पटींनी वाढली, तरी २ ऑक्टोबर १९५५ रोजी एनिॲक कायमचा बंद झाला. कारण बाकीचं यंत्र होतं तसंच राहिलं होतं. त्याच ॲबर्डीनच्या प्रयोगशाळेत तोवर एडव्हॅक आणि ऑर्डव्हॅक हे नवे संगणक चालू झाले होते आणि त्यांची स्मृती सुमारे हजार शब्दांची होती.

दुसरं यंत्र एमआयटीमधलं व्हर्लविंड, म्हणजे वावटळ. त्याची मूळ स्मृती खास बनवलेल्या काचेच्या नळ्यांत, विद्युतभाराच्या ठिपक्यांच्या रूपात असे. या नळ्या वारंवार दगा देत. जे फॉरेस्टर यांनी यावर उपाय म्हणून फेराइटच्या बारीक कड्यांची जाळी पुढे आणली. कडं एका दिशेने चुंबकित केलं की शून्य, उलट दिशेने केलं की एक. वीज गेली तरी ते आपली दिशा विसरत नाही. ही स्मृती मुख्य यंत्रात थेट बसवली नाही. आधी तिच्या परीक्षेसाठीच वेगळा संगणक बांधला, आणि तिथे ती उतरल्यावर ऑगस्ट १९५३मध्ये व्हर्लविंडला जोडली. स्मृतीच्या देखभालीला रोज ४ तास लागत, ते आठवड्याला २ तासांवर आले. यंत्राचा वेग दुप्पट झाला. पुढे १९५९पर्यंत व्हर्लविंड एमआयटीत काम करत राहिलं.

दोन्ही यंत्रं ट्यूबांचीच आणि उपायही एकाच जातीचा, मग फळ वेगळं का? व्हर्लविंडचा गणित करणारा भाग मुळातच चपळ होता. त्याचं अडत होतं ते स्मृतीपाशी. एनिॲकची सारी रचनाच मागच्या पिढीची झाली होती. म्हणून ‘जुनं की नवं’ हे ठरवण्याआधी ‘अडतंय कुठे’ हे पाहावं लागतं.

मोडी कागदांची छायाचित्रं वाचताना गुदमरणाऱ्या माझ्या जुन्या डेस्कटॉपलाही मी हीच कसोटी लावली. हार्ड डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत होता आणि प्रोसेसर मात्र निवांत होता. याचा अर्थ स्मृती अपुरी पडत होती. मग रॅम वाढवावी, तर मदरबोर्ड ४ जीबीच्या पुढे घेईना. शिवाय ती डीडीआर २ जातीची. आज विकत घेतलेली पट्टी उद्या नव्या संगणकात बसणार नाही, कारण तिची खाचच वेगळी. दुखणं स्मृतीचं असलं तरी तिथे औषधाला जागा नव्हती. मी नवा संगणक जुळवायचं ठरवलं.

आता मुंबई. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र बांधलं आणि १९६०मध्ये पूर्ण आकाराचा संगणक कामाला लावला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती, आणि तीही फेराइट कड्यांची. एका बिटाला एक कडं धरलं तर ८१,९२० कडी होतात. स्मृती हा टिफ्रॅकचा सर्वांत आधुनिक अवयव होता. मागे पडल्या होत्या त्या व्हॅक्यूम ट्यूब. जगात तोवर ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते. अशा यंत्राची स्मृती वाढवणं म्हणजे डोकं दुखत असताना गुडघ्याला लेप लावण्यासारखं होतं.

१९६४मध्ये अमेरिकी मदतीतून संस्थेत आलेलं सीडीसी ३६०० हे यंत्र ट्रान्झिस्टरचं होतं. त्याच्या स्मृतीच्या एकाच संचात ४८ बिटांचे ३२,७६८ शब्द मावत, म्हणजे टिफ्रॅकच्या सुमारे १९ पट. बाहेरच्या विद्यापीठांतले संशोधकही त्यावर गणितं करून घेऊ लागले. तेव्हा स्मृती वाढवायला हवी होती, हा आक्षेप टिकत नाही.

पण त्यामागची हळहळ खोटी नाही. बांधकाम सुरू झालं तेव्हा या गटातल्या बहुतेकांनी संगणक हाताळलेलाही नव्हता. तो बांधताना जे कळलं, ते यंत्राबरोबर मोडीत निघालं असतं तर तोटा खरोखर मोठा होता. तसं झालं नाही. त्याच संस्थेत पुढे ‘ओल्डॅप’ हा संगणक बांधला गेला आणि नरसिंहन कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. टिफ्रॅकचा हिशेब मांडताना त्याची वर्षं मोजून भागत नाही. त्याच्यावर घडलेली माणसंही जमेच्या बाजूला धरावी लागतात.