आढ्यवात आणि आहारविचार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसाव्या अध्यायात वातरक्ताची जी पर्यायनामे दिली आहेत, त्यांत ‘आढ्यवात’ हे एक नाव आहे. आढ्य म्हणजे धनवान. सुकुमार प्रकृतीच्या, मिष्टान्न खाऊन सुखात राहणाऱ्या व चालण्याची सवय नसणाऱ्या माणसांना हा विकार प्रायः होतो, असे तेथे सांगितले आहे. वेदना प्रथम पायांत, क्वचित हातांत मूळ धरते आणि मग उंदराच्या विषाप्रमाणे देहभर पसरते, असे सुश्रुताचे वर्णन आहे. पाश्चात्त्य वैद्यकातील ‘गाऊट’ या सांधेदुखीशी हे वर्णन पुष्कळ अंशी जुळते. मात्र वातरक्ताची व्याप्ती त्याहून मोठी असल्याने दोन्ही संज्ञा सर्वथा एकच मानणे युक्त नव्हे.

युरोपातही गाऊट हा धनिकांचाच रोग समजला जाई. इंग्लिश वैद्य टॉमस सिडनहॅम हा स्वतः या रोगाने पीडित होता. १६८३ साली त्याने यावर प्रबंध लिहिला व अतिभोजन आणि मद्यपान यांना दोष दिला. या समजुतीचा परिणाम असा झाला की, वेदना ही रुग्णाच्या जिभेने ओढवून घेतलेली शिक्षा ठरली.

यानंतरच्या शतकात या प्रश्नाला रसायनशास्त्राची जोड मिळाली. १७७६ साली शेले याने मूतखड्यातून यूरिक अम्ल वेगळे केले. १७९७ साली वोलस्टन याने गाऊटच्या गाठींतही तेच द्रव्य असल्याचे दाखविले. आणि १८४८ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरड याने रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले आढळते, हे सिद्ध केले. प्यूरिन नावाच्या द्रव्यांचे शरीरात विघटन होऊन हे अम्ल तयार होते, व ती द्रव्ये मांस, मासे व डाळी यांतही असतात, हे कळल्यावर पथ्याची यादी शास्त्रीय वाटू लागली. वस्तुतः शरीरातील यूरिक अम्लाचा सुमारे दोनतृतीयांश भाग शरीराच्या स्वतःच्या पेशींतून येतो. अन्नाचा वाटा उरलेल्या तृतीयांशाचा.

‘धनिकांचा रोग’ या कल्पनेला तडा देणारा पुरावाही गॅरडनेच नोंदविला होता. त्याच्या रुग्णालयातील गाऊटच्या रुग्णांपैकी किमान चौथाई लोकांना पूर्वी शिसेबाधा झालेली होती. त्यांतील बहुतेक रंगारी व नळकाम करणारे श्रमजीवी होते. शिशामुळे मूत्रपिंडे यूरिक अम्ल पुरेसे बाहेर टाकू शकत नाहीत, हे पुढे स्पष्ट झाले. या लोकांच्या वेदनेचे कारण ताटात नव्हते, कामाच्या जागी होते.

आहाराचा संबंध अर्थातच नाकारता येत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४७,१५० पुरुषांची बारा वर्षे पाहणी करण्यात आली. मांस व सागरी मासे अधिक खाणाऱ्यांत गाऊटचा धोका अधिक, तर दूध व दुग्धजन्य पदार्थ अधिक घेणाऱ्यांत कमी आढळला. प्यूरिनयुक्त भाज्या व कडधान्ये यांमुळे मात्र धोका वाढलेला दिसला नाही. उलट २०१८ साली सोळा हजारांहून अधिक युरोपीय वंशाच्या अमेरिकी व्यक्तींच्या माहितीवरून असे दिसले की, यूरिक अम्लाच्या व्यक्तिगत फरकापैकी सुमारे २४ टक्के फरकाचा उलगडा आनुवंशिकतेने होतो, तर आहाराच्या एकूण गुणवत्तेने जेमतेम ०.३ टक्के फरकाचा. दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. आहाराने रोगाचा धोका कमीअधिक होतो. पण रोग कोणाला व्हावा, हे मुख्यतः आहार ठरवीत नाही.

या पार्श्वभूमीवर चरकाची पथ्यापथ्ये पुन्हा पाहण्यासारखी आहेत. मद्य, पाणथळ प्रदेशांतील प्राण्यांचे मांस, कुळीथ व उडीद वर्ज्य. परंतु तूर, हरभरा, मूग, मसूर व मटकी यांचे भरपूर तुपातील यूष प्रशस्त, आणि गाय, म्हैस व शेळी यांचे दूध हितकर. या व आजच्या निष्कर्षांत सर्वत्र मेळ नाही. दही व ताक तेथे अपथ्यात गणले आहे. तथापि सरसकट सर्व डाळी वर्ज्य करण्याची जी रूढी आज महाराष्ट्रातील अनेक घरांत दिसते, तिला जुन्या ग्रंथाचाही आधार नाही आणि नव्या अभ्यासाचाही नाही. ज्यांच्या जेवणात वरण हाच प्रथिनांचा मुख्य आधार, त्यांचे या रूढीने नुकसानच होते.

१९६६ साली अमेरिकेत ॲलोप्युरिनॉल हे औषध मान्य झाल्यापासून रक्तातील यूरिक अम्ल आटोक्यात ठेवता येऊ लागले आहे. तरीही ‘आढ्य’ या विशेषणात दडलेला दोषारोप पुरता गेलेला नाही. पथ्य चुकले म्हणून दुखते, असे मानणारा रुग्ण संकोचाने वैद्याकडे उशिरा जातो, व तेवढ्या काळात सांधे झिजत राहतात. आहार हे या वेदनेचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. इतिहासाच्या या आढाव्यातून निघणारा व्यवहार्य निष्कर्ष एवढाच आहे.